ओटीतल्या गोळ्या

आमच्या प्रकल्पाच्या जीपवर दोन्ही बाजूंनी लाल रंगात ‘एड्स संशोधन’ असं रंगवलेलं होतं. आंधळ्यालाही वाचता येईल एवढं मोठं. मी प्रकल्पप्रमुख साहेबांना म्हटलं, “ही गाडी ज्या दारात उभी राहील, त्या घरचं पाणी उद्यापासून कोणी पिणार नाही.” साहेब म्हणाले, “त्याने लोकजागृती होते.” डोंबलाची जागृती!

मी पेणची, मास्तरांची मुलगी, तोंडाची फटकळ. नव्वदचं दशक सरत आलं होतं आणि मी रोह्याच्या केंद्रात संशोधक डॉक्टर म्हणून लागले होते. काम सोपं होतं, कागदावर. एचआयव्ही असलेल्या गरोदर बाईला नवव्या महिन्यापासून बाळंत होईपर्यंत रोज दोन गोळ्या द्यायच्या, म्हणजे बाळाला लागण व्हायचा धोका कमी होतो. गोळ्या फक्त केंद्रातच द्यायच्या, दर आठवड्याला, सही घेऊन. ही योजना परदेशात बसून लिहिलेली. तिच्यात सगळं होतं, फक्त माहेर नव्हतं.

आमच्याकडे पहिलटकरीण सातव्यात माहेरी जाते. त्यामुळे नववा लागेपर्यंत माझी एक बाई माणगावला, दुसरी अलिबागला, आणि तक्त्यात दोघींपुढे शेरा ‘संपर्क तुटला’. बैठकीत मी हे सांगितलं. साहेब म्हणाले, “त्यांना समजावा. इथेच राहा म्हणावं.” साहेबांची बायको तेव्हा बाळंतपणासाठी नाशिकला माहेरीच होती.

अशात ती आली. एकोणीस वर्षांची. माहेर कासूकडचं, मिठागरावर राबणाऱ्यांचं; नवरा रोह्यात कंपनीत शिफ्टला. दोघांनाही एचआयव्ही निघाला होता आणि त्या दोघांखेरीज घरात कुणालाच त्याची खबर नव्हती. मी तिला नऊ पानी संमतिपत्र वाचून दाखवलं. तिने एकच विचारलं, “बालंत झाल्यावं मना गोल्या मिलतील ना?” मी म्हटलं, “आधी बाळाचं बघू.” आईला पुढे औषध द्यायची सोय योजनेत नव्हती, हे मला माहीत होतं. मी ते गिळलं.

सातव्यात ती कासूला गेली. नववा लागला. साहेब म्हणाले, “जीप घेऊन जा.” मी म्हटलं, “त्यापेक्षा दवंडी पिटा.” आणि गोळ्या पिशवीत टाकून सरळ पनवेलची गाडी पकडून कासूला उतरले.

शिवणक्लासच्या बाई म्हणून मी तिच्या दारात उभी राहिले. गरोदर पोरीकडे रिकाम्या हाताने कसं जाणार? खण, नारळ, तांदूळ नेले होते, आणि तांदळात गोळ्यांची पुडी. ओटी भरली. शेजारणी जमल्या, चहा झाला, मी शिवणातलं नाही नाही ते ज्ञान पाजळलं. तेवढ्यात तिची आई म्हणाली, “ओटीचं तांदूल आजच शिजवतान आमच्यात,” आणि सूप घेऊन बसली. दुसऱ्या मुठीला पुडी वर आली.

“यो काय गो?”

“रगताच्या गोल्या,” पोरगी म्हणाली. पापणीही हलली नाही तिची.

झालं! आमच्या केंद्रात ‘गोळी चुकवू नका’ अशी चकचकीत पत्रकं होती, तपासनीस होते, तक्ते होते. तिची आई मात्र गोळी गिळल्याशिवाय लेकीला ताट वाढत नव्हती. एकही गोळी चुकली नाही. बाळंतपण पेणला झालं, मी स्वतः हजर राहिले; शिवणाच्या बाई डॉक्टरही आहेत, हे आईला तेव्हा कळलं. लेकीच्या अंगात ताकद नाही, तिचं दूध बाळाला पाजू नका, असं मीच तिच्या आईला बजावलं; खरं कारण, दुधातूनही लागण होते. दोन महिन्यांनी बाळाच्या रक्ताचा मुंबईहून रिपोर्ट आला. लागण नाही. मी केंद्राच्या संडासात जाऊन रडले, कारण तेवढ्याच दाराला आतून कडी होती.

साहेबांनी मला मेमो दिला. गोळ्या केंद्राबाहेर दिल्या, म्हणून ही केस मोजणीतून बाद. निरोगी पोर आमच्या कामाचं नाही, असं सरकारी मराठीत लिहिलं होतं.

पुढच्याच आठवड्यात मायलेकी बाळाला घेऊन केंद्रात आल्या. आईला दारावरची पाटी वाचता येत नव्हती, हे बरं. पोरगी पार वाळली होती. आईने रिकामी पुडी जपून आणली होती, रुमालात बांधून.

“बाय, तुमच्या गोल्या लय गुणाच्या. पोर बघा कसा हाय! आता हिला आनखी द्या. हिचा अंगच धरत नाय.”

पोरगी माझ्याकडे बघत होती. आईच्या पाठीमागून. पांढऱ्या गोळ्या मागच्या कपाटात होत्या, पुढच्या गरोदर बायांसाठी मोजून ठेवलेल्या. मेमोनंतर किल्ली साहेबांच्या खिशात. मला माझी, माझ्या पदवीची, सगळ्याची लाज वाटली. मी टेबलाचा खण उघडला आणि लोहाच्या गोळ्या दिल्या. खऱ्याखुऱ्या रक्ताच्या गोळ्या.

आईने त्या तळहातावर घेऊन पाहिल्या. “या तर लाल हायेत. त्या पांढऱ्या व्हत्या.”

“कंपनी बदलली,” मी म्हटलं.

पोरीने ते ऐकलं आणि आईच्या हातातून गोळ्या घेऊन पदरात बांधल्या.