आजोळ कुठलं?

जगात बिननात्याचा माणूस एकही नाही, हे मला पुराव्यानिशी पटवून दिलं ते खुनाच्या कलमाखाली आत असलेल्या एका म्हाताऱ्यानं. मी जिल्ह्याच्या जेलात शिपाई आहे. आमच्या भिंतीच्या आत नात्याची काय किंमत असते हे मला विचारा. भल्याभल्यांचे सख्खे भाऊ दुसऱ्या महिन्यात वाट विसरतात, आणि ज्यांनी खांद्यावर हात टाकून फोटो काढले ते मित्र तर पहिल्या आठवड्यातच फोन बंद करून बसतात. अशा जागी हा माणूस वाशी तालुक्यातल्या एका खेड्यातून आला, बराकीत घोंगडी टाकली, शेजारच्याकडं वळला आणि त्यानं तीन प्रश्न विचारले. गाव कुठलं? आजोळ कुठलं? आत्या कुठं दिली? शेजारचा चोरीच्या केसमधला होता, आधीच वैतागलेला. त्यानं काहीतरी उत्तरं दिली. म्हाताऱ्यानं डोळे मिटून बोटांवर पेरं मोजली आणि सांगितलं की तू माझ्या मेव्हण्याच्या मावसभावाचा साडू लागतोस, सरक जरा तिकडं, पाय लांब करू दे.

शिकलेली माणसं याला बादरायण संबंध म्हणतील. म्हणोत बापडी. मी मात्र त्या माणसापुढं तोंडात बोटं घातली आहेत. वर्षभरात सगळी बराक एकमेकांची कुणी ना कुणी झाली होती. पाण्याच्या हौदावर रोज एकमेकांच्या नरड्याला धरणारे दोघे, एक कळंबचा आणि एक भूमकडचा, म्हाताऱ्यानं त्यांना समोरासमोर बसवून मामेभाऊ असल्याचं सिद्ध केलं. भांडण थांबलं नाही, पण आता दोघं भावासारखे भांडू लागले, म्हणजे भांडून झाल्यावर एकमेकाला बादली उचलून देऊ लागले. परंड्याचे एक चाचा होते. त्यांच्या घरचं नातं कसं लावणार, म्हणून मी गंमत बघत उभा होतो. म्हातारा अडला नाही. चाचांच्या आजोबांनी जनावरांच्या बाजारात विकलेला एक खोंड यांच्या बापाच्या दावणीला होता म्हणे. बैल त्यांच्या घरात जन्मला आणि यांच्या घरात मेला, म्हणजे तो दोन्ही घरचा. चाचा हसून हसून ठसकले, आणि त्या दिवसापासून एकमेकाशिवाय दोघं जेवायला बसले नाहीत.

आमचे साहेब कोकणातले. त्यांना वाटलं आपण सुटलो. पण बाईसाहेबांचं माहेर बार्शीकडचं निघालं, आणि साहेब या म्हाताऱ्याचे जावई ठरले. मग काय, साहेब झडतीला आले की हे डोक्यावरची टोपी सारखी करून उभे राहायचे आणि आम्हा शिपायांना हळूच विचारायचे, जावईबापूंना चहा दिला का रे कुणी? साहेब खोटं खोटं चिडायचे. एकदा मात्र त्यांनी घरी गेल्यावर बाईसाहेबांना खरंच विचारून खात्री करून घेतली, हे मला त्यांच्या ड्रायव्हरनं सांगितलं.

मलाही सोडलं नाही. माझ्या आईचं माहेर वाशीकडचं, एवढं कळायचा अवकाश, मी त्यांचा भाचा झालो. मी अंगावर वर्दी असताना असलं काही चालू देणारा माणूस नाही. कैदी नात्यातला निघाला तर माझी ड्यूटी बदलते बाबा, असं मी चारचौघांत खडसावलं. ते म्हणाले, बरं भाचे, कुणाला सांगत न्हाय. मी त्यांना कधी मामा म्हटलं नाही. हाक मारायची वेळ आली की 'ओ, म्हातारबा' म्हणायचो. आता लिहिताना मामा म्हणतो.

एकदाच मामा खरोखर अडले. बोअरच्या गाडीवर काम करणारा तमिळनाडूचा एक बाप्या आला. त्याची भाषा इथं कुणाला येत नव्हती. कोपऱ्यात भिंतीकडं तोंड करून बसला आणि अन्नाला शिवेना. मामा दोन दिवस त्याच्यासमोर नुसते बसून. सगळी बराक श्वास रोखून होती. म्हाताऱ्याची हार होते की काय, यावर पैजा लागल्या होत्या. तिसऱ्या दिवशी हातवारे, चित्रं, गावांची नावं असं करत करत कळलं की कळंबच्या बाजूला एका शिवारात त्याच्या गाडीनं बोअर पाडली होती. मामांची बहीण तिथंच दिलेली. मामा उठले, आपलं ताट त्याच्यापुढं सरकवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "माझ्या बहिणीच्या दारात ह्यानं पाणी आणलं. ह्यो परका कसा?" तो माणूस जेवला. नातं त्याला कळलं नसेल, पण आपल्यासाठी कुणीतरी दोन दिवस डोकं खाजवतंय एवढं नक्की कळलं असेल. मी दाराशी उभा होतो. मामांना दुसरं ताट मी आणून दिलं.

आणि याच माणसाच्या हातून आपला व्याही गेला होता.

केस सगळ्या जेलाला पाठ होती. नातीचं बारसं मामांच्या दारात होतं. टॉवेल-टोपीचा आहेर चालला होता. आपल्याकडं पहिल्या टोपीवरून काय काय होतं ते सांगायला नको. पहिला मान व्याह्याचा, हे शेंबडं पोरगंही जाणतं. पण मामांनी पेरं मोजली आणि नात्यानं थोरले म्हणून पहिली टोपी आपल्या आत्याच्या यजमानांना घातली. व्याह्यांनी आपली टोपी भिरकावली. शब्दानं शब्द वाढला, मामांनी धक्का दिला, व्याही ओट्याच्या दगडावर डोक्यावर पडले ते उठलेच नाहीत. लेक त्याच घरची सून. तान्ही पोर घेऊन ती सासरी गेली, ती परत बापाकडं फिरकली नाही. मामांनी जामीन मागितलाच नाही. कुठल्या गावाला जाऊ, म्हणायचे.

मुलाखतीच्या दिवशी मामा सकाळीच अंघोळ करून, धुतलेली टोपी घालून दाराजवळ बसायचे. नावं पुकारली जायची. त्यांचं कधी यायचं नाही. मग ज्यांची आली त्यांना ते शिकवायचे, की आईला आधी जेवलीस का विचार, मग वकिलाचं काढ. एकदा मला राहवलं नाही. म्हटलं, म्हातारबा, साऱ्या दुनियेची नाती लावता, लेकीला एक निरोप धाडा की.

"काय म्हणून बोलवू, भाचे? लेक म्हणून यावं तर ती त्या घरची सून. आन् सून म्हणून आली तर म्या तिला तोंड कसं दावू?"

चार वर्षांनी ती पोरीला घेऊन आली. दिवाळीची सुट्टी होती. नवऱ्यानं गाडीवर आणून सोडलं होतं. तो बाहेर लिंबाखाली थांबला, आत आला नाही. पण त्यानं आणलं, हेच मला लई मोठं वाटलं. मुलाखतीसाठी मी नेहमीसारखं विचारलं, कैद्याचं नि तुमचं नातं? ती गप्प. मागची रांग कुरकुरायला लागली, तरी गप्प. शेवटी खाली बघत म्हणाली, "लेक." मग आपणहून सांगू लागली की बालवाडीतली सगळी पोरं सुट्टीला आजोळी जातात, ही पोर विचारून विचारून जीव खाते, आणि घरी तिला सांगून ठेवलंय की तुला आजोळ नाही.

मामा जाळीपाशी आले. लेकीकडं बघवेना. मग नजर खाली पोरीवर गेली आणि सवयीनं तोंडातून निघून गेलं.

"गाव कुठलं, पाव्हणीबाई?"

पोरीनं सांगितलं.

"आन् आजोळ कुठलं?"

"मला आजोळ न्हाय."

मामांनी जाळी घट्ट धरली. लेकीनं पोरीला उचलून कडेवर घेतलं, तिचा हात जाळीला लावला आणि म्हणाली, "हाय की. हेच तुझं आजोळ."

वेळ संपल्यावर मी दोघींना गेटपर्यंत सोडायला गेलो. पोर माझी वर्दी बघत होती. तिनं विचारलं, तुमी कोण? समोर साहेब उभे होते.

"मी तुझा मामा," मी म्हणालो.

तिच्या आईनं चमकून माझ्याकडं बघितलं. माझं आजोळ विचारलं, मावशी कुठं दिली ते विचारलं, पेरं मोजली आणि म्हणाली, व्हय, लागतंय.

पुढं मामांना शिक्षा लागली आणि मोठ्या जेलात हलवलं. तिथं हजारोंनी माणसं. तेवढी नाती लावायला एक आयुष्य पुरणार नाही, पण ते लागले असतील कामाला. आमची बराक आता गप्पगप्प असते. मी नव्या कैद्याला गाव विचारतो, आजोळ विचारतो, पण पुढं मला काही जुळवता येत नाही. दर दिवाळीला ती पोरगी दोन दिवस माझ्या घरी परंड्याला येते, आजोळी. माझ्या आईला मी विचारलं, हे नातं खरंच लागतं का गं? आईला नीट आठवत नाही. पण पोरीला फ्रॉक तीच घेते.