खोडरबराचा इलाज

फुलपाड्याचा तो कम्प्युटर मेकॅनिक आमच्या नंदाखाल गावातल्या घरी एकदाच आला. मीच त्याला बोलावलं होतं, पण दुरुस्तीसाठी नाही. आमचा जुना डेस्कटॉप सुरू केला की टीं टीं करून बंद पडायचा. मला नवा हवा होता. पण वर्षाला चारच नारळ देणारा माडही न तोडणारे माझे बाबा माझं ऐकणार नव्हते. म्हणून मी मेकॅनिकला फोनवरच पढवलं होतं, "आता हा संपला, एवढंच बोला."

"बोलतो ना दादा," तो म्हणाला होता.

आला. चपला दाराबाहेर नीट जोडीने ठेवल्या. रंगाऱ्याच्या ब्रशने कॅबिनेटमधली धूळ झाडली. मग खिशातून शाळेतल्या पोरांचा असतो तसला खोडरबर काढून मेमरीची पट्टी हळूहळू घासायला लागला. बाबांच्या पाठीमागून मी हातवारे करून दमलो. त्याने पट्टी परत बसवली आणि कम्प्युटर सुरू झाला! खूश होऊन बाबांनी त्याला वाडीतली केळी दिली.

मी त्याला फाटकाशी गाठलं. "अहो, आपलं काय ठरलं होतं?"

"बोलणारच होतो दादा," केळं सोलत तो म्हणाला. "पण काकांनी विचारलं, 'जुना झाला म्हणून टाकायचाच का?' आणि हात स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला होता. हो कसं बोलू?"

हे मी त्याच कम्प्युटरवर लिहितोय. मधेच तो टीं टीं करतो. मग बाबा गुडघा धरून उठतात आणि खोडरबर घेऊन येतात.