बारा जणांचे पाय

शाळेमागच्या नळाशी मी उकिडवी बसलेली. समोर बाकावर बारा मुलं-मुली, पाय पुढे करून. मी त्यांच्या टाचा साबणाने घासतेय. अर्ध्या तासाने पाळकसाहेब याच मुलांचे पाय धुणार, येशूने शिष्यांचे धुतले तसे. पाहुण्यांसमोर. म्हणून पाय आधी स्वच्छ हवेत.

प्रिन्सिपल मॅडम एका पालकबाईंना घेऊन तिथून गेल्या. माझ्याकडे बोट करून हसत म्हणाल्या, "इनका हाथ देखिए. खानदानी है."

आमचे आजोबा नगरकडचे महार. गावाची मेलेली ढोरं ओढणं सोडून ख्रिस्ती झालेले. मॅडमना ठाऊक होतं. मुलाखतीत मीच सांगितलेलं, मोठ्या अभिमानाने.

आणि मी काय केलं? लाजले. "थँक्यू मॅडम" म्हटलं. सत्तावीस वर्षांची, चौथीला बायबल शिकवणारी बाई, पदर खोचून, कौतुकाने फुललेली. ध्यान नुसतं. घरी नवऱ्यालाही सांगितलं. तो रेल्वेत, त्याच्या नोकरीपायीच आम्ही या हिंदी मुलखात; खातीपुरा स्टेशनावरची ड्यूटी करून आलेला. जेवता जेवता थांबला. मला वाटलं, आमटी खारट झाली.

पुढच्या आठवड्यात धर्मशिक्षणाची चाचणी. प्रश्न माझाच : शिष्यांचे पाय कोणी धुतले? एका मुलीने लिहिलं, 'पहले टीचरजी ने, फिर साहब ने.'

मी लाल फुली मारली. शून्य. पुढचा पेपर ओढला, आणि पुन्हा तिचाच उघडला. ही मुलगी त्या बाकावर होती. तिने पाहिलेलं लिहिलं. खोटं मी शिकवत होते.

त्या फुलीवरच बरोबरची खूण केली. पूर्ण गुण.

दुसऱ्या वर्षी आयाबाई बादली घेऊन बोलवायला आली. मी वर्गातून हलले नाही. मग मॅडम स्वतः आल्या. मी बोलले, "मैं पढ़ाती हूँ, मैडम. पैर जैसे हैं, वैसे आएँगे."

आले. थेट मैदानातून. तिसऱ्या मुलालाच साहेबांचा पांढरा टॉवेल काळा पडला. जुलैत माझा बायबलचा तास गेला, शिवणकाम आलं. निवृत्तीपर्यंत काज-बटणं शिकवली. ते अजून सलतं. बसल्या जागी बसवत नाही.

परवा शाळेतून फोन. नव्या मॅडम. जुन्या शिक्षकांचा सत्कार आहे म्हणे, त्याच पाय धुण्याच्या सभेत. "और आंटीजी, बच्चों के पैर भी आप ही तैयार करवा देना. आपको तो आदत है."

येते म्हटलं. एवढंच.

नात म्हणाली, "आजी, ऑटो बोलवू का? मतलब, इतकं चालशील कशी?" नको. आदर्श नगरातून चालतच जाणार, उघड्या चपलांनी, रस्त्याच्या कडेकडेने. टाचांच्या भेगांत बसेल तेवढी धूळ बसू दे. नळाकडे फिरकणार नाही. सरळ सभेत जाणार. मुलांच्या रांगेला तेरावी खुर्ची लावणार. चपला काढणार. पाय पुढे करणार.

पाळकसाहेबांनी धुतल्याशिवाय उठणार नाही.