यासीनभाईचा आठ फुटी उजेड

बीडला बार्शी नाक्याच्या मागच्या बोळात यासीनभाईचं लायटिंगचं दुकान आहे. दुकान कसलं, पत्र्याचं शेडच. आत वायरींची भेंडोळी आणि छताला उलटे टांगलेले मोर, हत्ती नि एक अर्धा चंद्र. उरूस असो की कंकालेश्वराची यात्रा, कमानीवरचा मोर त्याचाच. पालीला माझ्या थोरल्याच्या लग्नात त्यानं असा मोर नाचवला होता की पाहुणे नवरीला सोडून मोराचे फोटो काढत होते. विहीणबाई रुसल्या, आणि त्यांची समजूत काढायला मला… पण ते राहू द्या, ते वेगळं आख्यान आहे.

यासीनभाई आता चौपन्न-पंचावन्नचा. तीन वर्षांपूर्वी मंडपाच्या खांबावरून पडला आणि उजवा खांदा कायमचा अधू झाला. हात कानाच्या वर जात नाही. तरी चढतो, कारण लायटिंगवाला खाली उभा राहून चालत नाही. मला एकदा म्हणाला, "अप्पा, बसून करायचं काम पायजे. खांब आता मला वळखंना झालाय."

असं काम त्याला मिळालं ते सोमेश्वर शेठच्या कापडाच्या दुकानात.

शेठला माशांचा नाद. आधी एक भांडं होतं, मग दोन, आणि शेवटी त्यानं साड्यांची एक भिंत रिकामी करून तिथं आठ फूट लांब काचेची टाकी बसवली. तीही खाऱ्या पाण्याची! समुद्र कुठं, बीड कुठं. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली माणसंसुद्धा साड्या सोडून टाकीपुढं उभी. आत रंगीत मासे होतेच, पण शेठचा जीव अडकला होता तो तळाच्या खडकांवरच्या पोवळ्यांत. अंगठीत घालतात ते पोवळं मला ठाऊक होतं. त्याच्या गोतावळ्यातली ही मंडळी जिवंत असतात, बोटं हलवतात, फुलतात आणि मिटतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. त्यांच्या अंगात म्हणे डोळ्यांना न दिसणारं शेवाळ असतं, ते उजेडावर अन्न करतं आणि पोवळ्याला जेवू घालतं. म्हणजे टाकीवरचा दिवा हाच त्यांचा सूर्य आणि तीच त्यांची भाकरी.

तो सूर्य मावळायला आला होता. टाकीवरच्या जुन्या ट्यूबांतल्या निम्म्या गेल्या होत्या, उरलेल्या पिवळट झाल्या होत्या, आणि तशा नव्या कुठं मिळेनात. शेठनं यासीनला बोलावलं. "यासीनभाई, मोर नाचवतोस, माझा समुद्र उजळशील का?"

यासीननं दीड महिना मोबाईलवर व्हिडिओ पाहिले. खिडक्या बनवणाऱ्याकडून ॲल्युमिनियमच्या पट्ट्या आणल्या, त्यावर एलईडीचे दाणे एकेक करून चिकटवले. निळे जास्त, पांढरे कमी, जांभळे चवीपुरते. मी बीडला गेलो की त्याच्या स्टुलावर बसून दाणे हातात द्यायचो.

"एवढा निळा कशाला रे? शेठची टाकी हाय का नाटकाचा पडदा?"

"समिंदरात खाली लाल रंग पोचतच न्हाई, अप्पा. निळाच पोचतो. त्यांना जे घरी मिळत व्हतं तेच द्यायचं."

पहिला वीतभर नमुना टाकीच्या कडेला ठेवला तर आठ दिवसांत जोडांवर हिरवा गंज. खाऱ्या पाण्याचे तुषार. मग यासीननं मुलीच्या, नाजियाच्या, कपाटातलं बिनरंगाचं नेलपॉलिश घेतलं आणि प्रत्येक जोडावर लावत बसला. ईदेच्या आदल्या दिवशी पोरीनं बाटली उघडली तर आत नुसता ब्रश. "अब्बा, तुमच्या दिव्याला नखं हायेत का?" असं तिनं साऱ्या बोळाला ऐकू जाईल इतक्या जोरात विचारलं.

शेवटी एका शुक्रवारी दिवा टाकीवर चढला. शेठनं काचेला विभूतीचे तीन पट्टे ओढले, नारळ फोडला, पेढे वाटले. यासीननं बटण दाबलं आणि काय सांगू तुम्हाला! पोवळी आतून पेटल्यासारखी हिरवी, केशरी, जांभळी. शेठच्या डोळ्यांत पाणीच आलं. जमलेल्यांत संभाजीनगरचा एक हॉटेलवाला होता, शेठचा लांबचा पाहुणा. तो म्हणाला, "मिस्त्री, असे चार पाहिजेत मला. चार हॉटेलं आहेत."

परत येताना यासीननं बोटांवर हिशेब केला. मग म्हणाला, "चार म्हंजी दोन वर्सं बसून काम, अप्पा. खांब सुटला."

पुढचे चार दिवस शेठच्या दुकानात जत्रा. मावळणी, साडू, धारूरची आत्या, सगळे समुद्र बघायला. आणि पाहुण्यांना अर्धा उजेड दाखवायची रीत आपल्याकडं आहे का? सकाळी शटर उघडल्यापासून बंद होईपर्यंत दिवा पूर्ण.

पाचव्या दिवशी मी सदऱ्याचं कापड घ्यायला गेलो, तर शेठ टाकीपुढं उभा आणि त्याच्यासमोर मान खाली घातलेला अभिमन्यू. हा अभिमन्यू म्हणजे टाकीचं पाणी बदलणारा, मीठ कालवणारा माणूस. दोन वर्षं दर आठवड्याला येत होता. टाकीतली पोवळी पांढरी पडली होती. हाडासारखी.

"मीठ कसलं घातलं बे? खतातलं घातलं का?" शेठ ओरडत होता. "दोन वर्षांची मेहनत चार दिवसांत घालवलीस! उद्यापासून येऊ नको."

"शेठ, नेहमीचंच मीठ हाय. मोजूनच घातलंय."

"मग आपोआप पांढरी झाली का?"

अभिमन्यूनं बादली उचलली आणि निघून गेला. यासीन दिवा गार ठेवणारा पंखा बघायला म्हणून आला होता. तो काचेला नाक लावून आत पाहत होता. मग मला बाहेर घेऊन गेला. चहा मागवला, पण हातात धरून बसला.

"पाणी चांगलं हाय, अप्पा. मीच जाळलं."

"कशावरून?"

"पांढरं फक्त वरच्या अंगानं हाय. खडकाच्या आडोशाला, खालच्या बाजूला, रंग तसाच हाय. पाणी खराब असतं तर आडोसा बघून थांबलं असतं का?"

मग कळलं. तो व्हिडिओ पाहायचा ते जोडणी संपेपर्यंत. शेवटचा दिवा जोडला की मोबाईल खिशात. लायटिंगवाल्याचं काम बटण दाबेपर्यंतच असतं ना! त्याच्यापुढं काय सांगितलंय ते आत्ता, दुकानाच्या पायरीवर, त्यानं पहिल्यांदा पाहिलं होतं. मंद उजेडात राहिलेल्या पोवळ्यांना नवा दिवा हळूहळू वाढवत दाखवायचा असतो.

"शेठला कळलंय का हे?" मी विचारलं.

"न्हाई."

"मग गप राहा. मिठावर गेलंय ते मिठावर राहू दे. चार हॉटेलं हायेत तिकडं, आणि तुझा खांदा हाय."

हो, मीच म्हणालो. लपवून काय करू? मला त्याचा खांदा दिसत होता, अभिमन्यू दिसत नव्हता. यासीननं चहा संपवला, कप उपडा ठेवला आणि आत गेला.

"शेठ, अभिमन्यूला माघारी बोलवा. गलती माझी हाय."

"तुझी? तू काय मीठ घातलंस?"

"उजेड घातला. पयल्याच दिवशी सोळा आणे. हितं बघा, आडोशाला बघा."

शेठनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. सरळ झाला तेव्हा त्याचं तोंड लाल होतं. "सगळ्या गावाला पेढे वाटले मी! आणि त्या हॉटेलवाल्याला काय सांगू आता?"

"झालं ते सांगा," यासीन म्हणाला. "पण आधी ही वाचवू द्या."

वाचवायची कशी? या दिव्याला मंद करायची सोयच नव्हती. चालू नाही तर बंद, मंडपासारखं. मंद करायचं सामान पुण्याहून यायला दहा दिवस. तोवर काळोखात ठेवली तर उपाशी मरणार, उजेडात ठेवली तर जळणार.

मी घरी येऊन बायकोला, सत्यभामेला हे सांगितलं. आमच्या घरची मिरचीच्या रोपांची नर्सरी ती सांभाळते. ती हसायलाच लागली. "एवढे मोबाईल बघता दोघं, आणि नर्सरीतलं रोप एकदम उन्हात कोण काढतं हो? मला तरी इचारायचं." आणि उठून तिनं रोपांवर सावली धरायच्या शेडनेटच्या जाळीचा तुकडा कापून माझ्या पिशवीत कोंबला. एस्टीत बसून मी तो सकाळीच बीडला पोचवला.

यासीननं दिव्याखाली जाळीच्या चार घड्या ताणून बसवल्या. दर दहा-बारा दिवसांनी एक काढायची. पुण्याचं सामान आलं तरी त्यानं ते तसंच बाजूला ठेवलं. म्हणाला, जाळी डोळ्यांना दिसते, कुणी कौतुकानं बटण फिरवलं असं होत नाही. दुकानात मात्र अंधारलं. गिऱ्हाइकं विचारायची, "शेठ, टाकीत मिरच्या लावल्या का?" शेठ दात ओठ खायचा, पण जाळीला हात लावला नाही. अभिमन्यूला आणायला तो स्वतः गेला. अभिमन्यूनं त्याला दोन दिवस थांबवलं आणि तिसऱ्या दिवशी बादली घेऊन आला. यासीनला बघून एवढंच म्हणाला, "उद्या टाकीचं पाणी बदलायचंय, लाइट उचलून धराल का?" यासीननं डाव्या हातानं धरला.

यासीन रोज सकाळी दुकानात जाऊन काचेपुढं बसायचा. चार पोवळी गेली. त्यांच्यावर हिरवं कातडं चढलं आणि अभिमन्यूनं ती काढून टाकली. बाकीच्यांवर महिन्याभरानं तपकिरी ठिपके आले, चहाचे डाग पडावेत तसे, आणि कितीतरी दिवसांनी त्या डागांतून हिरवा उमटला. पहिल्या दिवशीची झळाळी मात्र अजून नाही. येईल की नाही, यासीन सांगत नाही.

हॉटेलवाल्याचा फोन आला तेव्हा मी तिथंच होतो. शेठ म्हणाला, "चार पोवळी मारली त्यानं माझी. हो, चार. नाही, मला कळलं नव्हतं, त्यानंच सांगितलं." पलीकडून काय म्हणाले ते ऐकू आलं नाही. फोन ठेवून शेठ यासीनला म्हणाला, "एकच दे म्हणाला. बघून मग पुढचं."

एका दिव्यावर वर्ष निघत नाही, म्हणून यंदाही यासीनभाई उरसाच्या कमानीवर चढला. मी खाली शिडी धरून उभा होतो.

हॉटेलवाल्याचा दिवा परवा तयार झाला. यात मंद करायचं बटण आहे. झाकणावर चिकटवायला कागद हवा म्हणून यासीननं मला बोलावलं, कारण माझं अक्षर गुरुजींच्या छडीनं वळवलेलं. मी लिहिलं : पहिले पंधरा दिवस चार आणे उजेड, पुढचे पंधरा दिवस आठ आणे, घाई करू नये.

"आता लिवा, बीडला मी पयल्याच दिवशी सोळा आणे लावला, चार पोवळी मेली."

"अबे, असं कुणी लिहितं का? गिऱ्हाईक पळून जाईल."

"पळू द्या. नुसतं घाई करू नये लिवलं तर कोण ऐकतंय, अप्पा? मी ऐकलं असतं का?"

मी लिहिलं. 'मेली' हा शब्द जरा बारीक काढला. त्यानं कागद हातात घेऊन लांब धरून पाहिला आणि परत माझ्यापुढं ठेवला. मोठा काढायला लावला.