कॅनडावाल्यांचं पान

आमच्याकडे म्हाळाला एक पान जास्तीचं पडायचं. परळच्या आमच्या चाळीत भाद्रपदात घरोघरी म्हाळ असत, पितरांची पानं मांडली जात, वडे आणि काळ्या वाटाण्यांचं सांबारं यांच्या वासानं गॅलरी भरून जाई. पण पितरांच्या रांगेत कॅनडाच्या सोल्जरांचं पान फक्त आमच्या घरी. याचा मला लहानपणापासून भारी तोरा होता.

बाबा पहिल्या महायुद्धात सफरमैना पलटणीत होते. म्हणजे खंदक खणायचे, तारा ठोकायच्या, पूल बांधायचे, आणि हे सगळं समोरून गोळ्या येत असताना. बेल्जियमच्या चिखलात त्यांच्या बाजूच्या खंदकात कॅनडाची पलटण होती. तिथं मेलेल्यांसाठी हे पान. गुरुजींनी गोत्र विचारलं की बाबा खणखणीत सांगत, "कॅनडा." गोत्र ठाऊक नसलं की काश्यप लावतात, तेव्हा गुरुजी काश्यप पुटपुटून पुढे सरकत. आई त्या पानावर वड्यांशेजारी इराण्याकडचा पाव आणि मुरंबा वाढी, कारण खंदकात ती माणसं तेच खात, असं बाबांनी तिला कधीतरी सांगितलं होतं. पितरांच्या पानावर पाव! गुरुजी तिकडे बघतच नसत.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यात गोळीबार झाला, त्या वर्षीची गोष्ट. शेजारच्या खोलीतल्या मावशींचा एकुलता मुलगा, नुकताच गिरणीत लागलेला, मोर्चात गोळी लागून गेला. भाद्रपद आला तरी त्याला वर्ष भरलं नव्हतं, म्हणून त्याचा म्हाळ घालता येत नव्हता. सगळ्या चाळीत पानं पडत होती आणि मावशी आपल्या दाराशी गप्प बसून असत.

आमच्या म्हाळाच्या सकाळी चळवळीतली चार पोरं दारात येऊन उभी राहिली.

"काका, यंदा गोऱ्यांचं पान नको. मावशींच्या डोळ्यांदेखत गोऱ्या शिपायांचे लाड बरे दिसत नाहीत. पान मांडलंत तर चाळीतलं कुणी जेवायला येणार नाही."

"गोळी काय गोऱ्यांनी घातली रे?" मी आतूनच म्हणाले.

"शिपाई तो शिपाईच."

म्हाळाला माणसंच जेवली नाहीत तर तो म्हाळ कसला? आईच्या हातातला झारा तसाच राहिला. माझं डोकं असं फिरलं होतं! मोर्चातून घसे बसवून आल्यावर याच पोरांना मी गरम पाणी करून दिलं होतं.

बाबा मात्र शांत होते. "बसा," ते म्हणाले. एरवी ते लढाईबद्दल फारसं बोलत नसत.

"विषारी गॅस आला. पिवळट हिरवा धूर, जमिनीलगत. बाजूची फळी मोकळी पडली, माणसं गुदमरून मेली, उरली ती पळाली. कॅनडावाले हटले नाय. पोरंच होती, तुमच्या वयाची. रुमालावर मुतायचं, तो नाकाला बांधायचा आणि जागा धरून उभं राहायचं. आम्ही पोचलो नि पुन्हा गॅस आला. त्यांच्यातल्या एकानं माझ्या फेट्याचा शेव फाडला, ओला केला नि माझ्या तोंडावर बांधला. भाषा नाय, ओळख नाय. दुसऱ्या दिवशी बघतो तर तो मेलेला. नाव विचारायचं राहूनच गेलं. लाडबीड काय नाय. जागा न सोडता मेलेल्या माणसाला मी वर्षातून एकदा जेवू घालतो. तुम्ही जेवू नका. पान पडणार." आणि त्यांनी पितरांच्या रांगेत कॅनडावाल्यांचं पान मांडलं.

अख्ख्या चाळीसमोर हे असं सांगणारा माणूस माझा बाप होता. माझी मान ताठ झाली.

पोरांच्या मागे मावशी कधी येऊन उभ्या राहिल्या होत्या, कळलंच नाही. सगळी त्यांच्याकडे बघायला लागली. त्यांच्याच नावानं तर हे सगळं चाललं होतं.

"त्यांच्या आवशींक कळला काय, झिलांक खंय पुरल्यानी तां?" कॅनडावाल्यांच्या आयांबद्दल त्यांनी बाबांना विचारलं.

"बऱ्याच जणींक नाय."

मावशी आत आल्या आणि त्या पानासमोर उभ्या राहिल्या.

"भाऊ, माझो झीलय मागे हटूक नाय. वरस भरूक नाय म्हणान तो उपाशी. तेचाय पान ह्यांच्या बाजूक वाढा."

"अहो, पण शास्त्राप्रमाणे..." आत पाटावर बसलेले गुरुजी म्हणाले.

"गुरुजी," बाबा म्हणाले, "ज्यांचं कायच माहीत नाय त्यांना तुम्ही इतकी वर्षं जेवू घातलंत. याचं तर सगळं माहीत आहे."

बाबांनी स्वतः त्या पानाशेजारी दुसरं पान मांडलं. मावशींनी आपल्या हातानं भात वाढला, वर वरण घातलं. दारातल्या पोरांनी एकमेकांकडे पाहिलं आणि चपला काढून ती भिंतीकडेला येऊन बसली.

गुरुजींनी पळी उचलली आणि खालमानेनं विचारलं, "नाव?"

मावशींनी मुलाचं नाव सांगितलं. बापाच्या नावासकट, आडनावासकट, तळमजल्यापर्यंत ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं.