वहिनी उठल्या नाहीत

काही माणसांचं आयुष्य उभ्यानेच जातं. वहिनी त्यातल्या. बाजाराच्या तोंडाशी, किल्ल्या करणारा आणि चपला शिवणारा यांच्या मधल्या जागेत त्यांचं इस्त्रीचं टेबल. टेबलावर दुहेरी घडीची घोंगडी, घोंगडीवर जुनी चादर, चादरीवर इस्त्रीच्या टोकाचे तपकिरी डाग. टेबलापाशी खुर्ची नाही. बसून इस्त्री होत नाही. तिला हाताचा जोर पुरत नाही, सगळं अंग घालावं लागतं. वर्षानुवर्षं उभं राहून वहिनींच्या पोटऱ्यांवर शिरा दोरखंडासारख्या वर आल्या होत्या. कुणी मायेने म्हटलं, की वहिनी, जरा टेका, तर त्या म्हणायच्या, "मी टेकले तर तुझी पँट काय स्वतःच सरळ होईल?"

सगळा बाजार त्यांना वहिनीच म्हणायचा. नवरा जाऊन बरीच वर्षं झाली, पण नातं गेलं नाही. आधी नवऱ्याच्या मित्रांच्या त्या वहिनी झाल्या, मग त्या मित्रांच्या पोरांच्याही, आणि शेवटी तर वयाने थोरली माणसंसुद्धा वहिनी म्हणू लागली. पालिकेच्या निवडणुकीत त्यांना पुढे केलं ते बाजारातल्या बायकांनी. सगळ्यात पुढे होती भाजीवाली. तिचा आवाज असा, की तिला सगळे तोफ म्हणत. वहिनी नको नको म्हणत होत्या, तर तोफ म्हणाली, "निवडणुकीला उभंच राहायचं असतं. तुम्हाला काय अवघड?" लोक हसले, आणि हसता हसता त्यांनी वहिनींना निवडून दिलं.

सभागृहात वहिनींना खुर्ची मिळाली. गादीची, हातांची. पहिल्या दिवशी त्या तिच्यावर बसल्या, तेव्हा त्यांच्या पायांना कळेचना की आपण काय करायचं.

अध्यक्षांना अख्खं गाव मास्तर म्हणायचं. शाळा सोडून त्यांना जमाना लोटला होता, पण शाळा त्यांना सोडून गेली नव्हती. सभासदांतले बहुतेक त्यांच्या हाताखालून गेलेले. मास्तर दारात दिसले, की टक्कल पडलेले, पोट सुटलेले, नातवंडं झालेले सभासद खुर्च्या सरकवून ताडकन उभे राहायचे. मास्तर हाताने खाली बसायची खूण करायचे, मग वर्ग बसायचा. मास्तर वाईट नव्हते, हेही सांगायला हवं. पैशाला शिवायचे नाहीत. नळ त्यांनी आणला, बाजारातला रस्ता त्यांनी बांधला. फक्त गावाचं भलं कशात आहे हे आपल्यालाच कळतं, असं त्यांना मनापासून वाटायचं, आणि ज्याला असं मनापासून वाटतं त्याला विचारणार कोण?

मतं मोजायची रीतही त्यांचीच. पूर्वी हात वर करायचे. पण कुणी डोकं खाजवायचा, कुणी माशी हाकलायचा, आणि तोही हात मंजुरीत धरला जायचा. मास्तरांनी ठरवलं, ज्याला मान्य असेल त्याने उभं राहायचं, नसेल त्याने बसून राहायचं. मोजायला सोपं. कुणाला त्यात काही वावगं दिसलं नाही.

एके दिवशी तोफ टेबलापाशी आली ती ओरडत नव्हती. तेव्हाच वहिनींनी ओळखलं की काहीतरी मोठं बिघडलंय. तोफेने सांगितलं, की बाजारामागच्या खोलीच्या दारावर पालिकेचा कागद लागलाय. पुढच्या महिन्यापासून खोली व्यापारी संघाला, पोती ठेवायला.

ती खोली म्हणजे पाळणाघर. पत्र्याचं छप्पर, निळं दार, आत सतरंजी आणि दोन पाळणे. भिंतीवर गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत तेलकट तळहातांचे ठसे, कारण तिथे चालायला शिकणारं प्रत्येक मूल त्याच भिंतीला धरून शिकलं. एक मावशी दिवसभर पोरांना राखायची. त्या भरवशावर बाजारातल्या बायका तागडी धरायच्या. तोफेचा नातू तिथे, मासेवालीच्या जुळ्या मुली तिथे.

खोली नव्हती तो काळ वहिनींनी पाहिला होता. तेव्हा इस्त्री कोळशाची होती आणि त्यांची लेक टेबलाखाली खेळायची. एकदा इस्त्रीतून निखारा निसटला. लेक आता मोठी झाली, दूर संसाराला लागली. पण बाही वर सारली की मनगटावरचा तो डाग अजून दिसतो.

"कागदावर सर्वानुमते लिहिलंय," तोफ म्हणाली. "म्हणजे तुमचंही मत त्यात आहे का, वहिनी?"

वहिनींनी इस्त्री टाचेवर उभी केली. असा प्रश्न त्यांना उभ्या आयुष्यात कुणी विचारला नव्हता. मी हो म्हटलं असतं तर माझ्याच जिभेला कळलं नसतं का, असं त्या म्हणाल्या, पण मनातून हादरल्या. टेबल किल्लीवाल्याच्या हवाली करून त्या तडक औषधांच्या दुकानात गेल्या. दुकानदार सभागृहात त्यांच्या शेजारी बसायचा. मास्तरांचा जुना विद्यार्थी, स्वभावाने भला आणि त्याहून भित्रा. गिऱ्हाइकाला गोळ्या कधी घ्यायच्या हे समजावता समजावता त्याने वहिनींना आठवून आठवून सांगितलं. सभेच्या शेवटी मास्तरांनी कागद गोळा केले. मास्तर उठले. मास्तर उठले म्हणून सगळे उठले. बाहेर चहाचे कप वाजत होते. तेवढ्यात मास्तर काहीतरी पुटपुटले होते खरे, ऐनवेळचा विषय की काय.

"आणि तुम्ही?"

"मी चहाला उठलो होतो."

"मीही चहालाच उठले होते," वहिनी म्हणाल्या. "वा. आपण चहा प्यायलो आणि पोरांची खोली घालवली."

दुकानदार म्हणाला, जाऊ द्या वहिनी, मास्तरांनी विचार करूनच केलं असेल. वहिनी दुकानाची पायरी उतरल्या. तो उगाचच खोकल्याच्या बाटल्या पुन्हा रांगेत लावायला लागला.

मास्तरांचे कपडे इस्त्रीला वहिनींकडेच यायचे. पांढरे सदरे, पांढरे पायजमे. दुसऱ्या दिवशी तो गठ्ठा घेऊन वहिनी स्वतः त्यांच्या घरी गेल्या. मास्तर ओसरीत पेपर वाचत होते. त्यांनी वहिनींना बसायला सांगितलं, पाणी आणवलं. त्यांना ते सूनबाई म्हणायचे. विद्यार्थ्याची बायको म्हणजे सूनच, असं त्यांचं म्हणणं. वहिनींचा नवरा मास्तरांच्या हाताखाली शिकला होता. शिकण्यापेक्षा बाकावर उभा राहण्यातच त्याचा वेळ गेला. 'मास्तरांनी बाकावर उभं करून करून मला उंच केलं,' असं तो सगळ्यांना सांगायचा. वहिनींनी मात्र शाळेचं दार बाहेरूनच पाहिलेलं. लहानपणी त्यांच्या कडेवर पाठचा भाऊ असायचा, आणि भावाला कडेवर घेऊन वर्गात बसू देत नसत.

वहिनींनी सरळ विचारलं, खोली कुणी दिली.

"तुम्हीच दिलीत. सगळे उभे होतात." मास्तरांनी चष्मा काढला. त्यांना राग आला नव्हता. मंद पोराने शंका विचारावी आणि मास्तरांची कळी खुलावी, तसं झालं होतं. "नियम समजून घे, सूनबाई. ऐनवेळच्या विषयाला एकमत लागतं. एक जरी बसून राहिला, तरी तो विषय तसा मंजूर होत नाही, रीतसर चर्चेला घ्यावा लागतो. पण कुणी बसलं नाही. आता पुढच्या सभेत मागचं कामकाज तसंच एकमताने कायम झालं, की झालं."

"आणि तेव्हा कुणी बसून राहिलं तर?"

मास्तर हसले. "मी आत येतो तेव्हा कोण बसून राहतं?"

पोरांचं काय, असं वहिनींनी विचारलं. मास्तर म्हणाले, की पोती भिजतात, धान्य नासतं, त्यात सगळ्या गावाचं नुकसान आहे. पोरं काय, आईजवळ राहतील. आईजवळ मूल असणं चांगलंच की. हे त्यांनी अगदी प्रेमाने सांगितलं. वहिनी म्हणाल्या, "मास्तर, माझं मूल माझ्याजवळच होतं. जवळ होतं म्हणूनच भाजलं."

मास्तरांनी पेपर उघडला. वहिनींनी गठ्ठा टेबलावर ठेवला आणि त्या निघाल्या. पण जाताना त्यांच्या मनात मास्तरांचं ते एक वाक्य घोळत होतं. मी आत येतो तेव्हा कोण बसून राहतं.

आता त्यांना कळलं होतं, की दरवेळी मास्तर आत येतात, वर्ग उभा राहतो, आणि त्याच श्वासात ते म्हणतात, 'मागचं कायम, बसा.' मान द्यायला उठलेले पाय मत म्हणून मोजले जातात. वहिनींनी हे औषधवाल्याला सांगितलं. तो म्हणाला, की बरोबर आहे, पण मास्तर आत आले की माझे पाय मला विचारत नाहीत, आपोआप उठतात. तुम्हाला हे ज्ञान दिलं कुणी?

"मास्तरांनीच," वहिनी म्हणाल्या. "घरी बसवून शिकवणी घेतली. फुकट."

सभेच्या दिवशी वहिनी लवकर आल्या. मागे बघ्यांच्या बाकांवर तोफ आणि मासेवाली येऊन बसल्या होत्या. तोफेचा नातू तिच्या मांडीवर. वहिनींनी आपली खुर्ची टेबलाला लावून घट्ट ओढून घेतली आणि दोन्ही हात तिच्या हातांवर ठेवले. त्यांना मास्तरांची भीती वाटत नव्हती. भीती होती ती पायांची. सगळं सभागृह उठेल तेव्हा आपले पाय दगा देतील, ही. कपडा घ्या, उभे राहा. गिऱ्हाईक आलं, उभे राहा. थोरलं माणूस आलं, उभे राहा. या पायांना दुसरं येत होतं काय?

मास्तर आले. पांढरा सदरा, वहिनींच्याच हातची कडक घडी. खुर्च्या करकरल्या. सगळे उभे राहिले. औषधवाला तर आधीच अर्धा उठलेला होता. वहिनींच्या गुडघ्यांना ओढ लागली, टाचा जमिनीवरून सुटल्या. त्यांनी मागे पाहिलं नाही. मांडीवरच्या पोराचं बोबडं काहीतरी ऐकू आलं, एवढंच. त्यांनी टाचा पुन्हा टेकवल्या.

"मागचं कायम," मास्तर म्हणाले, आणि बसायची खूण करायला त्यांनी हात उचलला. हात तसाच राहिला. उभ्या माणसांच्या मधे एक खड्डा दिसत होता, आणि त्या खड्ड्यात वहिनी बसल्या होत्या.

"सूनबाई, बरं नाही का?"

"बरी आहे, मास्तर."

"मग?"

"बसलेय."

मास्तरांच्या कपाळावर आठी पडली. मोठ्या माणसाचा मान ठेवायची रीत असते, असं ते म्हणाले. वहिनींनी शांतपणे उत्तर दिलं, "मान बाहेर देते, दारात. वाकून देते. इथे मी मत द्यायला आलेय, आणि माझं मत बसलंय. कारकूनसाहेब, लिहून घ्या."

कारकुनाने मास्तरांकडे पाहिलं, मग वहिनींकडे. पेन हवेतच. मास्तरांनी आवाज चढवला नाही. त्यांनी फक्त वाट पाहिली, वर्गात वात्रट पोराची पाहायचे तशी. या वाट पाहण्याने त्यांनी भल्याभल्यांना उठवलं होतं. उभे सभासद एकमेकांच्या तोंडाकडे बघायला लागले. कुणी हळूच म्हणालं, उठा हो वहिनी, पाय दुखायला लागले.

"बघा," वहिनी म्हणाल्या, "एवढ्यातच दुखले. मी जन्मभर उभी आहे. आज बसलेय तर बसू द्या."

कुणीतरी फिसकन हसलं. आणि औषधवाल्याचं काय झालं ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं. तो मटकन खाली बसला. मास्तरांनी त्याच्याकडे पाहिलं, तसा तो पुन्हा अर्धा उठला, मग पुन्हा बसला, आणि घाम पुसत म्हणाला, की सर, एक शंका होती. खोलीचं विचारायचं होतं. पोत्यांना दुसरी जागा पाहिली होती का?

प्रश्न साधा होता. मास्तरांनी जागा पाहिली नव्हती. त्यांनी तसं सांगितलंही, खोटं ते बोलायचे नाहीत. मग पलीकडून एकाने विचारलं, की मागे आमच्या गल्लीचा दिवा काढला तोही असाच ऐनवेळी काढला का. दुसऱ्याने विचारलं, पाण्याची वेळ बदलली तेव्हा मी उभा होतो की बसलेला. एकेक जण बसत होता आणि बसल्यावर त्याला प्रश्न सुचत होता. उभ्याने कुणालाच सुचला नव्हता. शेवटी सभागृहात एकटे मास्तर उभे होते आणि उत्तरं देत होते. काही उत्तरं चांगली होती, काही नव्हती.

खोलीचा विषय कायम झाला नाही. मास्तरांनी कागद गोळा करताना सांगितलं, की पुढच्या सभेत रीतसर विषय म्हणून तो पुन्हा आणणार, चर्चा करून आणणार, आणि मंजूर करून दाखवणार.

"आणा," वहिनी म्हणाल्या. "मी येईन. खुर्ची आहे माझी."

चहाला सगळे उठले. वहिनी सगळ्यात शेवटी उठल्या, तेही मास्तर बाहेर गेल्यावर.

त्या आठवड्यापासून मास्तरांचे कपडे टेबलावर आले नाहीत. पाठोपाठ व्यापारी संघातल्या चार घरांचेही थांबले. किल्लीवाल्याने विचारलं, वहिनी, गठ्ठा कमी दिसतोय. वहिनींनी रिकाम्या जागेवर पाणी शिंपडलं, घोंगडी ताणून घेतली आणि एका सदऱ्याची कॉलर फिरवून इस्त्रीखाली धरली.

"टेबल मोकळं झालं," त्या म्हणाल्या, "आता हात लांब मारता येतो."

मागच्या खोलीतून पोरांचा गलका ऐकू येत होता. वहिनी उभ्या होत्या, आणि इस्त्री पुढे सरकत होती.