देवांचं माप राहिलं

गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि बाबांची पूजा सुटली. जमिनीवर बसायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं आणि आमचे देव स्वयंपाकघरात, जमिनीलगतच्या बसक्या देव्हाऱ्यात. पूजा मी करू लागले. बाबा मात्र रोज सकाळी आंघोळ करून, सोवळं नेसून नुसते खिडकीशी बसायचे. बोलणं कमी झालं, जेवण कमी झालं. मला ते बघवेना.

प्लॅस्टिकची खुर्ची त्यांना चालेना. "मी पूजेला बसतोय, लग्नात जेवायला नाही," म्हणाले. मग मी ठरवलं, खुर्चीएवढी उंच सागवानी बैठक मीच करणार. नारायण पेठेतल्या आमच्या फ्लॅटच्या मागच्या बाल्कनीत माझं सुतारकाम चालतं. करवत, रंधा, पटाशा, आणि पाय ठेवायला जागा नाही. पूजेच्या लाकडाला लोखंडी खिळा नको, हा बाबांचा नियम. म्हणजे प्रत्येक पाय खाच पाडून बसवायचा. वरच्या मजल्यावरच्या काकूंनी वाकून विचारलं, "अहो, दुपारी माणसं झोपतात, आपल्याला कल्पना असेलच?" म्हटलं, "आहे ना. म्हणून तर सकाळी ठोकते."

बैठक अशी जमली, की मीच तिच्यावरून हात फिरवत राहिले. देव्हाऱ्यासमोर मांडली. बाबा आले, बसायला वाकले आणि तिथेच थबकले. देव त्यांच्या पोटऱ्यांशी येत होते.

"देव पायाशी आणि मी सिंहासनावर? वा!" एवढं बोलून परत खिडकीशी.

अगं आई गं! बाबांच्या गुडघ्यापासून सगळी मापं घेतली आणि देवांचंच राहिलं. असा संताप आला! बाबांचा, देवांचा, सगळ्यात जास्त स्वतःचा. "नका करू मग पूजा!" म्हणून ओरडलेसुद्धा. त्यांनी उठून सोवळं सोडून ठेवलं, तेच जिव्हारी लागलं.

दुसऱ्या दिवशी पुन्हा लाकूड आणलं. माणसाला खाली बसता येत नसेल, तर देव वर येतील, त्यात काय! बाबांना बैठकीवर बसवून छातीपर्यंत टेप लावला.

"काय शिवतेयस, सदरा?"

"गप्प बसा, हलू नका."

देवांसाठी उंच चौरंग करायचा होता. खाच पाडताना एक पाय उभा चिरला. झक मारत नवा केला. तोही तिरका बसला, तो काढून परत तासला. हात सोलवटले, पण सोडायचं नाव नाही. बाबांचे देव मी त्यांना परत देणारच होते.

देव्हारा चौरंगावर चढवला, त्या सकाळी बाबा येऊन बसले. बाळकृष्ण उचलला, न्हाऊ घातला, पुसला, गंध लावलं. एकही गोष्ट न गाळता सगळी पूजा केली. मी दाराशी उभी राहून बघत होते.

आरती झाल्यावर माझ्याकडे न बघताच म्हणाले, "उद्यापासून तू देवांना हात लावू नकोस. गंधसुद्धा धड उगाळत नाहीस."

मी "बरं" म्हटलं, बाल्कनीत गेले आणि लाकडाच्या भुशात बसून हमसाहमशी रडले.